कॅन्सरने गेलेल्या आईच्या साड्यांची आठवण म्हणून गोधडी कशी शिवावी?

आधी एक सांगतो, शेजारपाजारचे 'आजारी माणसाचे कपडे जाळून टाका' म्हणतील. ऐकू नका. कॅन्सर कपड्यांतून पसरत नाही. गरम पाण्यात धुवा, आपल्या जळगावच्या उन्हात दोन दिवस टाका, झालं.

गोधडीला सुती लुगडी-साड्याच घ्या. सिंथेटिक साडी टाक्यात सरकते आणि घाम शोषत नाही. ती फारच जिवाभावाची असेल तर तिची फक्त किनार वरून लावा.

आमच्या मायची गोधडी धाकट्या मावशीने अमळनेरला अंगणात शिवली. साधारण चार बाय सहा फूट, मधे जुन्या साड्यांचे तीन थर. सगळे थर चटईवर ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर तांबे-पातेली ठेवायची, मोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचायचं. मग कडेने सुरुवात करून धावदोरा घालत फेऱ्याफेऱ्यांनी आत यायचं. मधूनच सुरुवात केली तर कापड फुगतं. आमचं एकदा उसवावं लागलं!

शेवटच्या महिन्यांतला तिचा गाऊन मात्र कुणाला वर बघवेना. तो मधल्या थरात घातला. दिसत नाही, पण आहे.

अशी रीत दूरवरही आहे. एड्सने गेलेल्यांसाठी अमेरिकेत १९८७ पासून तीन बाय सहा फुटांचे तुकडे जोडून एक प्रचंड गोधडी होत आली आहे.

घाई करू नका. आम्हाला सव्वा महिना लागला, त्यातले आठ दिवस नुसते साड्या निवडण्यात गेले.