फाट्यावरची ‘थांबा’ पाटी: कुठे हवी, कुठे नको

गावरस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो त्या फाट्यांबद्दल मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहोत.

आमच्या गावचा रस्ता राज्य मार्गाला मिळतो. मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या सुसाट येतात आणि फाट्यावर सतत अपघात होतात. राज्य मार्गावर दोन्ही बाजूंनी ‘थांबा’ अशी लाल पाटी बसवावी, असा ठराव ग्रामपंचायतीने केला आहे. पुढे काय करावे?
*— सरपंच, गेवराई तालुका*

ठराव दुरुस्त करून घ्या. ‘थांबा’ची आठ कोनी लाल पाटी नेहमी दुय्यम रस्त्यावर लागते, म्हणजे तुमच्या गावरस्त्यावर. ८०च्या वेगाने येणाऱ्या ट्रकने मोकळ्या रस्त्यात दिवसभर फाट्यागणिक थांबावे, ही अपेक्षा कोणी पाळणार नाही. पाळणारा एखादा थांबला, तर मागचा त्याच्यावर आदळेल. मोठ्या रस्त्यासाठी वेगळी पाटी असते: लाल कडेचा त्रिकोण आणि त्यात बाजूचा रस्ता मिळत असल्याची खूण. राष्ट्रीय महामार्ग आणि राज्य मार्गावर ती फाट्याच्या सुमारे १२० मीटर आधी लावतात, प्रमुख जिल्हा मार्गावर ९० मीटर आधी.

तुमच्या गावरस्त्यावर तरी ‘थांबा’ लागेल का, हे फाट्यावरून किती लांबचे दिसते यावर ठरते. पाटीचे तीन पर्याय आहेत: काहीच नको, ‘रस्ता द्या’चा उलटा त्रिकोण, किंवा ‘थांबा’. कोणता निवडायचा हे गावात चर्चा करून ठरत नाही, मोजून ठरते.

गावरस्त्यावर मोठ्या रस्त्याच्या डांबराच्या कडेपासून १५ मीटर मागे उभे राहा. डोळा जमिनीपासून १.२ मीटरवर हवा, कारण कारचालकाची नजर तेवढ्या उंचीवर असते. त्यासाठी थोडे वाकावे लागेल. तिथून दोन्ही बाजूंना मोठा रस्ता किती दूर दिसतो ते पाहा. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकाप्रमाणे मोठ्या रस्त्यावर ताशी १०० किमी वेग असेल तर २२० मीटर, ८० असेल तर १८०, ६५ असेल तर १४५ आणि ५० असेल तर ११० मीटर दिसायला हवे. या सगळ्या आकड्यांमागे एकच हिशेब आहे: आठ सेकंदांचा प्रवास. म्हणून टेप नसली तरी चालते. मोठ्या रस्त्यावरची गाडी पहिल्यांदा दिसली की मोबाइलचे घड्याळ सुरू करा आणि ती फाट्यावर आली की बंद करा. दोन्ही बाजूंच्या दहा-दहा गाड्या मोजा आणि त्यांतल्या सर्वांत वेगवान गाड्यांवरून निर्णय घ्या. सरासरी काढू नका, जीव वेगवान गाडीच घेते.

१५ मीटर मागूनच आठ सेकंद मिळत असतील तर ‘रस्ता द्या’ पुरे. तिथून मिळत नाहीत, पण रस्त्याच्या तोंडाशी थांबल्यावर मिळतात, तर ती ‘थांबा’ पाटीची खरी जागा. तोंडाशी थांबूनही आठ सेकंद मिळत नसतील, तर नुसती पाटी बसवून उपयोग नाही. थांबलेल्या माणसालाही काही दिसणार नसेल तर तो देवावर भरवसा ठेवूनच गाडी पुढे घालणार. अशा ठिकाणी आधी अडथळा काढावा लागतो, नाहीतर मोठ्या रस्त्यावरचा वेग उतरवावा लागतो.

मोजणी वर्षात केव्हा करावी? उन्हाळ्यात आमचा फाटा मोकळा दिसतो, पण दिवाळीनंतर काहीच दिसत नाही.
*— शिक्षक, औसा तालुका*

तूर उभी असताना आणि ऊस तोडायच्या आधी. मराठवाड्यात हा मुद्दा सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहतो. मे महिन्यात केलेल्या पाहणीत तिन्ही बाजू मोकळ्या दिसतात, कागदावर ‘दृष्टिअंतर पुरेसे’ असा शेरा पडतो. ऑक्टोबरमध्ये त्याच कोपऱ्यात माणसाच्या उंचीची तूर असते, ऊस असेल तर त्याहून उंच. नेमक्या त्याच काळात कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर फाट्यावर येतात.

ट्रॅक्टरला आठ सेकंद पुरत नाहीत. दोन ट्रॉल्यांसह तो साधारण १५ मीटर लांब धरा. ७ मीटरचा रस्ता ओलांडून शेवटची ट्रॉली मोकळी व्हायला, थांबून निघालेल्या भरल्या ट्रॅक्टरला १२ सेकंद सहज लागतात. ८०च्या वेगाने येणारी गाडी तेवढ्यात सुमारे २६५ मीटर येते. ऊस वाहतुकीच्या फाट्यावर मोजणी १२ सेकंदांच्या हिशेबाने करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रस्त्याच्या हद्दीतली वेडी बाभूळ आणि गवत काढणे हे रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याचे काम. खासगी शेताचा कोपरा असेल तर शेतकऱ्याशी बोलून तेवढ्या त्रिकोणात सोयाबीन, हरभरा अशी बुटकी पिके घ्यायला सांगता येते. कोपऱ्यावरची टपरी, कडब्याची गंजी आणि वाढदिवसाचे फ्लेक्सही मोजा. पाटी झाकणारा किंवा चालकाचे लक्ष विचलित करणारा फलक काढण्याचा अधिकार राज्य शासन अधिसूचनेने पोलीस अधिकाऱ्यांना देऊ शकते, तशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६मध्ये आहे.

पाटी नेमकी कुठे आणि किती उंचीवर? आमच्याकडे बसवलेली दोनच पावसाळ्यांत वाकडी झाली.
*— लहान कंत्राटदार, परभणी जिल्हा*

जागा आधी. पाटी रस्त्याच्या डाव्या हाताला, थांब-रेषेच्या (गाडीने जिथे थांबायचे ती रस्त्यावरची पांढरी रेषा) सुमारे १.५ मीटर अलीकडे. कडेचा दगड नसलेल्या रस्त्यावर पाटीची आतली कड डांबराच्या कडेपासून २ ते ३ मीटर दूर हवी आणि खालची कड रस्त्याच्या मध्यापेक्षा किमान १.५ मीटर उंच. शहरात फुटपाथ असेल तर उंची २ मीटरच्या वर घ्या, नाहीतर पायी जाणाऱ्याच्या डोक्याला लागते. येणाऱ्या चालकाला पाटी थांबण्याच्या अंतरावरून दिसली पाहिजे: ५०च्या वेगाला ६० मीटर, ४०ला ४५ मीटर. वळणामुळे दिसत नसेल तर ‘पुढे थांबा आहे’ ही सूचना आधी द्यावी लागते.

आता वाकडेपणा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाला दरवर्षी थोडे थोडे ढकलते. सरकारी दरपत्रकात ७५ × ७५ × ६ मिमीचा लोखंडी अँगल आणि त्याखाली एम-१५ प्रतीच्या काँक्रीटचा ४५ × ४५ × ६० सेमीचा पाया असतो. मुरमाड जमिनीत तो पुरतो. काळ्या जमिनीत खड्डा चारही बाजूंनी अंदाजे एक वीत जास्त घ्या, काळी माती पूर्ण बाहेर टाका, तळाशी मुरूम टाकून धुम्मसाने ठोका, मग काँक्रीट ओता आणि भोवतीची पोकळीही मुरमाने थराथराने भरा. निघालेली काळी मातीच परत लोटली तर सगळी मेहनत वाया. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा चार बोटे वर आणि चारही बाजूंना उतरता ठेवा, म्हणजे पाणी खांबाच्या बुडाशी साचणार नाही. अँगलच्या तळाला आडवी सळई वेल्ड करा, नाहीतर खांब पायात फिरतो आणि पाटी शेताकडे तोंड करून उभी राहते. सात दिवस पाणी मारा, त्यानंतरच पाटी चढवा.

पाटीचा पत्रा ॲल्युमिनियमचा. ६०० मिमीपर्यंतच्या पाटीला १.५ मिमी जाड, त्याहून मोठीला २ मिमी. ॲल्युमिनियमला भंगारात भाव असल्याने पाट्या चोरीला जातात, म्हणून नट घट्ट केल्यावर बोल्टचे टोक ठोकून चपटे करावे. समोरचा कागद परावर्तक, म्हणजे दिव्याचा प्रकाश परत फेकणारा हवा. ऑइल पेंटने रंगवलेली लाल पाटी रात्री काळी दिसते. बसवल्यावर रात्री मोटारसायकलचा दिवा लो बीमवर लावून ६० मीटरवरून पाहा. प्रकाश थेट डोळ्यांवर चमकून अक्षरे पुसट होत असतील तर पाटी रस्त्यापासून किंचित बाहेर वळवा. खांबावर २५ सेमीचे काळे-पांढरे पट्टे, सर्वांत खालचा काळा.

रस्त्यावर किमान २० सेमी रुंदीची पांढरी थांब-रेषाही मारायलाच हवी. पाटी कुठे थांबायचे ते दाखवत नाही, ते रेषा दाखवते.

फाट्याआधी गावकऱ्यांनी सिमेंटचा उंचवटा घातला आहे. तो पाटीची जागा भरून काढतो का?
*— वाचक, वसमत तालुका*

नाही, आणि दीड-दोन फूट रुंदीचा उभा उंचवटा घातकच. दुचाकीवर मागे बसलेली बाई पडते, भरलेल्या ट्रॉलीचा कडा तुटतो. मानक गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा, ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेमी उंच असतो, त्यावरून ताशी २५ किमीने जाता येते. दुय्यम रस्ता महामार्गाला मिळतो तिथे दुय्यम रस्त्यावर असा गतिरोधक घालता येतो. मात्र तो थांब-रेषेला चिकटवू नका. ट्रॅक्टरची चाके चढावर अडकली की तो सुटताना मागे सरकतो किंवा झटक्याने पुढे जातो. रेषा आणि गतिरोधक यांच्यामध्ये ट्रॅक्टर सपाट उभा राहील इतकी जागा सोडा.

छत्रपती संभाजीनगरमधल्या आमच्या वसाहतीत मुले खेळतात. प्रत्येक गल्लीच्या चौकात चारही बाजूंनी ‘थांबा’ लावायची कल्पना आहे. अमेरिकेत असेच असते, असे मुलगा सांगतो.
*— सोसायटीचे अध्यक्ष*

तुमचा मुलगा म्हणतो ते खरे आहे. अमेरिकेत चारही बाजूंना ‘थांबा’ असलेले चौक असतात आणि जो आधी आला तो आधी जातो. पण तिथेही तो चौक वाहनांची संख्या आणि अपघातांची नोंद पाहून ठरवतात, आणि निव्वळ वेग कमी करण्यासाठी ही पाटी लावू नये, असे तिथल्या नियमपुस्तकातच म्हटले आहे. समोर रस्ता रिकामा दिसत असताना दर पन्नास मीटरवर थांबा म्हटले की लोक हळूहळू थांबणे सोडून देतात, आणि मग जिथे खरेच थांबायला हवे तिथेही थांबत नाहीत.

आपल्याकडचा नियम असा: एक रस्ता मुख्य ठरलेला असेल तर त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचे, नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला. वसाहतीत वेगच कमी करायचा असेल तर महानगरपालिकेकडे मानक गतिरोधक आणि कोपरे अरुंद करण्याची मागणी करा. स्वतःच्या खर्चाने पाटी मात्र लावू नका. कलम ११६प्रमाणे अधिकृत यंत्रणेशिवाय कोणालाही रस्त्यावर वाहतूक चिन्ह लावता येत नाही.

अर्ज कोणाकडे करायचा? एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते.
*— ग्रामपंचायत सदस्य, भोकरदन तालुका*

पाटी दुय्यम रस्त्यावर लागणार, म्हणून तो रस्ता कोणाचा हे आधी शोधा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. रस्ता पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला असेल तर पहिली पाच वर्षे देखभाल कंत्राटदाराची असते. कामाच्या फलकावर तारीख असते, ती वाचा.

अर्ज उपअभियंत्याच्या नावाने द्या. त्यात रस्त्याचा क्रमांक आणि किलोमीटर, दोन्ही बाजूंची मोजलेली सेकंदे, पीक उभे असतानाचे फोटो आणि हाताने काढलेला साधा नकाशा असू द्या. ‘अपघात वाढले आहेत’ एवढेच लिहिलेला अर्ज बाजूला पडतो, ‘डावीकडे ५ सेकंद, हवे ८’ असे लिहिलेल्या अर्जावर अभियंत्याला उत्तर द्यावे लागते. एक प्रत पोलीस ठाण्याला आणि एक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. मुख्य रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल तर तिथला धोका १०३३ या क्रमांकावरही नोंदवता येतो. दोन्ही रस्ते वेगवेगळ्या खात्यांचे असतील, म्हणजे गावरस्ता एकाचा आणि मोठा रस्ता दुसऱ्याचा, तर दोघांनाही एकाच दिवशी एकच अर्ज द्या आणि दोन्ही नावे वर लिहा. टोलवाटोलवीला जागा उरत नाही.

पाटी असून कोणी थांबत नाही. शिक्षा काय?
*— वाचक, उदगीर*

‘थांबा’ म्हणजे चाके पूर्ण थांबणे, हळू करून पुढे सरकणे नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर ‘थांबा’ पाटी मोडणे हे कलम १८४खाली धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्टपणे मोडते. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.

ऊस ट्रॉलीच्या धक्क्याने आमची पाटी पडली. चालक निघून गेला.
*— वाचक, अंबाजोगाई तालुका*

चुकून पाटीला धक्का लागला तरी चालकाने शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, पोलिसांना कळवायचे असते. कलम ११६मध्येच ते लिहिले आहे. तुम्ही फोटो काढून पोलीस ठाण्यात आणि संबंधित खात्यात लेखी कळवा. पडलेली पाटी ग्रामपंचायतीत ठेवून खात्याकडून पोच घ्या, नाहीतर ती भंगारात जाते. पत्रा सरळ होण्याजोगा असेल आणि कागदाला भेगा गेल्या नसतील तर तीच पाटी पुन्हा लागू शकते. स्वच्छ करताना पाणी आणि सौम्य साबण वापरा. रॉकेल, थिनर किंवा कोरडे फडके लावले तर परावर्तक थर खराब होतो आणि पाटी रात्री दिसेनाशी होते.