दीड एकर विकून अमेरिकेत दोन वर्षांची पदवी?

प्रश्न: निफाड तालुक्यात माझी चार एकर द्राक्षबाग आहे. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, ६४ टक्के पडले. सीईटी दिली आहे. माझा मेहुणा कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ असतो. त्याच्या मुलाने तिथल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची अ‍ॅग्री बिझनेसची पदवी घेतली आणि लगेच बदामाच्या कंपनीत लागला. नाशिकचा एजंट म्हणतो, तुमच्या मुलाचंही तसंच होईल, सगळं मिळून ३५ लाख लागतील. रस्त्यालगतचा दीड एकराचा तुकडा विकायचं चाललं आहे, गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात इसार द्यायला तयार आहे. मुलगा अभ्यास सोडून सारखा फवारणीच्या वह्या आणि एक्स्पोर्टच्या कागदांत असतो. शेती करणाऱ्या पोराला आज मुलगी कोण देतो? तो तिकडे सेटल झाला की आम्ही मोकळे. एवढ्या मार्कांवर प्रवेश मिळेल का, ते कळवावे.

उत्तर: नमस्कार. प्रवेश मिळेल. ही कम्युनिटी कॉलेजं म्हणजे स्थानिक मुलांसाठीची दोन वर्षांची सरकारी कॉलेजं, ती मार्कांवरून सहसा कुणाला परत पाठवत नाहीत. इंग्रजीची परीक्षा, पैसे असल्याचा पुरावा आणि व्हिसा एवढं जमलं की झालं. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपतं, पण तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टींची.

पत्रात मुलाला काय हवंय याबद्दल तुमची एकही ओळ नाही. शेवटच्या पानाच्या मागे मात्र त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: ‘सर, प्लॉट न विकता काही होईल का? शिकायला माझी ना नाही.’ हे तुम्ही वाचलंय की नाही, मला माहीत नाही. त्याच्याखाली त्याने गेल्या हंगामाचा हिशेब मांडलाय. लोकल व्यापाऱ्याने काय भाव धरला, घट किती कापली, त्याचा चेक वटला नाही तेव्हा किती रक्कम अडकली. तोच माल निर्यातीला गेला असता तर पॅकहाउस आणि कूलिंगचा खर्च वजा जाऊन हातात काय उरलं असतं. शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंतचे दिवस भरत नव्हते, म्हणून त्याने तुम्हाला द्राक्षांचा नमुना तपासणीला द्यायला थांबवलं, तेही तारखेसकट लिहिलंय. एकोणिसाव्या वर्षी मुलाला रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधांच्या अंशाचा, रिपोर्ट वाचता येतो आणि ग्रेपनेटवरची, म्हणजे निर्यातीच्या बागांच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेतली, नोंद त्याला कळते. ज्या विषयाची पदवी आणायला तुम्ही त्याला साता समुद्रापार पाठवताय, त्याचा बराचसा अभ्यास तो तुमच्या ओट्यावर बसून करतोय. आणि तुम्ही त्याची तक्रार करताय!

लग्नाचं म्हणाल तर तुमची भीती खोटी नाही. शेती करणाऱ्या मुलांची लग्नं जमत नाहीत, हे मी माझ्याकडे येणाऱ्या घराघरांतून ऐकतो. पण मुलीकडचे नाही म्हणतात ते बहुतेक वेळा शेतीतल्या बेभरवशाच्या पैशाला. चेक वटला नाही तर वर्षभर खायचं काय, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर मालाच्या पक्क्या विक्रीत आहे. मुलगा अजून विशीचा नाही. त्याच्या सोयरिकीची चिंता त्याच्या शिक्षणाच्या फीमध्ये धरू नका. मोकळं व्हायची घाई तुम्हाला झालीय, त्याला नाही. आणि ३५ लाखांचं ओझं डोक्यावर घेऊन परदेशात गेलेला मुलगा वडिलांना ‘इथे जमत नाही’ असं फोनवर सांगू शकत नाही. जमीन विकून पाठवलेल्या मुलाला परतीची वाटच उरत नाही.

आता मेहुण्याच्या मुलाची गोष्ट. ती खरी आहे आणि त्याचा निर्णय उत्तम होता. पण त्याची पदवी आणि तुमच्या मुलाला मिळेल ती पदवी, कागद एकच असला तरी किंमत एक नाही. कॅलिफोर्नियातल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला, म्हणजे अभ्यासाच्या एका क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात. पदवीला ६० युनिटं लागतात, म्हणजे दोन वर्षांची फी २,७६० डॉलर, आपले अडीच लाखांच्या आसपास. कित्येक मुलांना तीही माफ होते. तो मुलगा घरी राहतो, आईच्या हातचं खातो आणि सुट्टीत पॅकिंग हाउसमध्ये काम करतो. डिग्री हातात येण्याआधीच मालक त्याला ओळखत असतो. जगातले बहुतांश बदाम कॅलिफोर्नियातच पिकतात. द्राक्षं, दूध, पिस्ते, पाणीपुरवठ्याची सामग्री, शेतीकर्ज देणाऱ्या संस्था, सगळं फ्रेस्नोच्या त्या खोऱ्यातच आहे. तिथे हिशेब, शेतमालाचं मार्केटिंग आणि थोडं माती-पिकाचं शास्त्र शिकलेल्या स्थानिक मुलाला काम मिळणं साहजिक आहे. खर्च थोडा आणि कमाई लगेच, म्हणून त्याच्यासाठी ही पदवी पैशाच्या हिशेबात खणखणीत आहे. ही कॉलेजं निघालीच मुळी त्यासाठी. कॅलिफोर्नियातलं असं पहिलं कॉलेज १९१० साली फ्रेस्नोमध्येच सुरू झालं, कारण विद्यापीठ सुमारे दोनशे मैलांवर होतं आणि गावातल्या मुलांना तिथवर जाणं परवडत नव्हतं.

तुमचा मुलगा तिथे परदेशी विद्यार्थी असेल. त्या ४६ डॉलरच्या वर त्याला प्रत्येक युनिटला आणखी तीनशेहून जास्त डॉलर मोजावे लागतील. म्हणजे नुसती फीच वीस हजार डॉलरच्या पुढे. राहणं, जेवण, आरोग्य विमा वेगळा. सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारातच आणि आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करायची मुभा. मामाच्या ओळखीने पॅकिंग हाउसमध्ये परवानगीशिवाय पगारावर लागला तर व्हिसा जाईल.

सगळ्यात मोठा गैरसमज पुढचा आहे आणि एजंट नेमका त्यावरच बोट ठेवत नाही. दोन वर्षांची पदवी झाली की नोकरी, नोकरी झाली की वर्क व्हिसा, असं तुम्ही धरून चालला आहात. या पदवीनंतर तिथे काम करायची परवानगी जास्तीत जास्त १२ महिन्यांची मिळते. इंजिनीअरिंगच्या मुलांना पुढची दोन वर्षं वाढवून मिळतात असं तुम्ही ऐकलं असेल, पण त्या मुदतवाढीला किमान चार वर्षांची बॅचलर पदवी लागते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसालाही किमान बॅचलर किंवा तिच्या तोडीचं काही लागतं. म्हणजे दोन वर्षं शिकून, वर्षभर काम करून, बहुधा त्याला परत यावं लागेल किंवा आणखी दोन वर्षांची फी भरून चार वर्षांची पदवी पुरी करावी लागेल. तशी सोय आहे आणि ती चांगलीही आहे. ठरलेले विषय घेतले तर राज्याच्या विद्यापीठांत पुढे प्रवेश घेता येतो, फ्रेस्नो स्टेट किंवा चिकोमध्ये पुढे अ‍ॅग्री बिझनेस करता येतं. पण मग खर्च ३५ लाखांवर थांबणार नाही, दुसरा तुकडाही जाईल. शिवाय विद्यार्थी व्हिसाच्या खिडकीत त्याला ‘शिकून परत येणार’ असं पटवून द्यावं लागतं. ‘तिकडे सेटल’ हा तुमचा बेत आणि ती खिडकी, दोन्हींचं जमत नाही. मुलाला तिथे खोटं बोलायला लावू नका.

एजंटाला दोनच गोष्टी लेखी विचारा: या कॉलेजकडून तुम्हाला प्रवेशामागे कमिशन मिळतं का, आणि तुम्ही पाठवलेल्या मुलांपैकी दोन वर्षांची पदवी घेऊन आज तिथे नोकरीत कोण आहे, त्याच्याशी माझं बोलणं करून द्या. उत्तर टाळलं तर काय समजायचं ते समजा.

मग काय करायचं? सीईटी दिलीच आहे, तेव्हा राहुरी विद्यापीठातल्या बी.एस्सी. कृषी किंवा कृषी व्यवसाय व्यवस्थापनाच्या फेऱ्यांना अर्ज भरा. सरकारी कॉलेज मिळालं तर चार वर्षांचा खर्च त्या ३५ लाखांचा छोटा हिस्सा असेल. पुढे कॅट ही व्यवस्थापनाची प्रवेश परीक्षा देऊन पुण्याची वैकुंठ मेहता संस्था, हैदराबादची मॅनेज संस्था इथे कृषी व्यवसाय व्यवस्थापन शिकायचे रस्ते आहेत. मात्र सरकारी यादीत नाव लागलं नाही म्हणून डोनेशन भरून कुठेही घालू नका, त्यापेक्षा एक वर्ष थांबलेलं बरं. अमेरिकेची ओढ तेव्हाही टिकली तर मास्टर्सला जावं. तिथे काही विद्यापीठांत असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल फीत सवलत आणि मानधन, मिळते. हमी नसते, पण तेव्हा तो बॅचलर झालेला असेल आणि वर सांगितलेली बॅचलर पदवीची अट त्याला आडवी येणार नाही.

शिकत असतानाच त्याच्याकडे एक काम द्या. चारपैकी एका एकराच्या मालाची विक्री पूर्णपणे त्याची. व्यापारी निवडायचा त्याने, आगाऊ किती घ्यायचे ते त्याने ठरवायचं, निर्यातदाराशी बोलायचं त्याने. तुम्ही फक्त सल्ला द्यायचा, तोही विचारला तर. दिंडोरीजवळ मोहाडीला सह्याद्री फार्म्स तुमच्यापासून फार लांब नाही. शेतकऱ्यांनी मिळून उभी केलेली कंपनी कशी चालते ते त्याला सुट्टीत बघून येऊ दे. पदवीनंतर स्वतःचं काही करायचं झालं तर कृषी पदवीधरांसाठी २००२ पासून ‘अ‍ॅग्री-क्लिनिक’ योजना आहे. ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण मिळतं आणि प्रकल्पाच्या कर्जावर अनुदान. खतं-औषधं विकायच्या परवान्यालाही आता शिक्षणाची अट आहे, तिथेही ही पदवी चालते.

इसार घेऊ नका. गिऱ्हाईक रुसलं तर रुसू दे, रस्त्यालगतच्या बागायतीला गिऱ्हाईक पुन्हा मिळतं. मेहुण्यांना फोन करून त्यांच्या मुलाने एकूण किती खर्च केला, तेवढं फक्त विचारा. आणि पुढचं पत्र मुलाला लिहू द्या. त्यात सीईटीचे पर्सेंटाइल, कॉलेजांचा पसंतीक्रम आणि गेल्या दोन हंगामांचा विक्रीचा हिशेब पाठवायला सांगा. फेऱ्या सुरू होण्याआधी ते आलं तर कॉलेजांचा क्रम मी त्याच्याशी बोलून लावून देईन.