कोंबड्या राखणारा कुत्रा: तुमचे प्रश्न

प्रश्न: चार महिन्यांचं ग्रेट पिरेनीज या राखणदार जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलंय, आईबाप दोघंही मेंढ्या राखणारे. पण परवा त्याने एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) पळवून पळवून मारली. खाल्ली नाही, नुसती तोंडात धरून मिरवत होता. वाया गेलं का हे पिल्लू?

उत्तर: अहो, वाया बिया काही नाही गेलं. खाल्ली नाही म्हणताय ना, पिसं लाळेने ओलीचिंब असतील आणि मोठी जखम नसेल तर तो खेळच होता. मेंढीशी असं खेळायला गेलं की ती ढुशी देते नि पिल्लू शहाणं होतं, कोंबडी बिचारी काय करणार, फडफडत ओरडत पळणार, म्हणजे आणखीच मजा! त्यात या जाती पिढ्यान्‌पिढ्या शेळ्यामेंढ्यांसोबत घडल्यात, कोंबडी त्यांच्यासाठी ओळखीची वस्तूच नाही, ती ओळख आपण करून द्यायची.

डोकं ठिकाणावर यायला दीड-दोन वर्षं लागतात, तोवर एकटं सोडायचं नाही. एरवी मध्ये जाळी, आणि रोज दहा-पंधरा मिनिटं पट्टा लावून आत न्यायचं, दाणे टाकताना, खुराडं झाडताना. कान पुढे, अंग ताठ, नजर एकाच कोंबडीवर असं दिसलं की लगेच टोकायचं, धावल्यावर ओरडून काही उपयोग नाही. नजर वळवून जांभई देत आडवा झाला की शाबासकी. आमच्या कुत्रीच्या शेपटीवर खुडूक कोंबडी बसायची तरी ती हलायची नाही, पण तिनेही वर्षाची असताना दोन कोंबड्या मारल्यात हं! सहा महिने ते दीड वर्ष हा काळ वाईटच, सुधारलेलं पिल्लूही पुन्हा वांड होतं. आणि मेलेली कोंबडी गळ्यात बांधायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने फक्त वास येतो.

प्रश्न: एकाला करमत नाही म्हणून सोबत त्याचाच भाऊ आणू का?

उत्तर: आत्ता नको. दोघं मिळून कोंबड्या पळवतील. पहिला तयार झाला की मग दुसरा आणा, तो मोठ्याचं बघून शिकतो.

प्रश्न: मोठा राखणदार कुत्रा असेल तर रात्री खुराडं उघडं ठेवलं तर चालेल ना?

उत्तर: नाही. ऑस्ट्रेलियात मिडल आयलंड म्हणून छोटं बेट आहे, तिथे कोल्ह्यांनी छोट्या पेंग्विनचा फडशा पाडला होता, 2005 मध्ये दहासुद्धा दिसेनात. मग 2006 पासून मारेम्मा या राखणदार जातीचे कुत्रे ठेवले, आणि ही आयडिया दिली कोणी तर तिथल्याच एका कोंबडीवाल्या शेतकऱ्याने, त्याचे कुत्रे कोंबड्या राखायचे! पेंग्विन वाढले. पण 2017 मध्ये समुद्र खवळल्यामुळे काही दिवस कुत्र्यांना बेटावर नेता आलं नाही, तेवढ्यात कोल्ह्याने 140 च्या आसपास पेंग्विन मारले. कुत्रा आजारी पडतो, दुसऱ्या टोकाला भुंकत असतो, मुंगसासारखा बारका प्राणी भोकातून आत शिरतो. त्यामुळे अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी आणि रात्री कडी, हे कुत्रा असला तरी हवंच. साधी षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, चोर बाहेर नाही ठेवत.

प्रश्न: कोंबड्यांना काही करत नाही, पण त्यांचं खाद्य आणि अंडी खातो. रात्री भुंकतोही फार.

उत्तर: भुंकणं हेच त्याचं काम आहे, मी इथे आहे हे सांगूनच तो निम्मे चोर पळवतो, म्हणून शेजार खेटून असेल तर या जातीच्या नादी लागू नका असंच मी सांगते. अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला, फुटलेलं तिथे राहू देऊ नका. खाद्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. पोत्यावरचं लेबल वाचा, मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन लिहिलेलं असेल तर ते कोंबड्यांना कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्यांचा रोग) होऊ नये म्हणून घातलेलं औषध असतं आणि कुत्र्याला ते विषारी ठरू शकतं, मागचे पाय लुळे पडतात. असं खाद्य खाऊन कुत्रा लटपटताना दिसला तर लेबल कापून घ्या आणि तसेच डॉक्टरकडे पळा. खाद्याचं भांडं अशा कप्प्यात ठेवा जिथे कोंबडी वाकून शिरेल पण कुत्र्याचं डोकं जाणार नाही.