'व्हिव्हिफाय' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय आणि ते कोठे वापरावे?

'व्हिव्हिफाय' म्हणजे नेमके काय आणि 'एन्लिव्हन' (रंगत किंवा उत्साह आणणे) हे क्रियापद असताना ते वापरण्याची गरज काय, असे आपण विचारले आहे. एखाद्या निर्जीव, निस्तेज किंवा कोरड्या गोष्टीत प्राण ओतणे, ती सजीव करणे, हा या क्रियापदाचा अर्थ होय. उच्चारताना जोर पहिल्या अक्षरावर येतो.

लॅटिनमधील 'व्हिव्हुस' म्हणजे जिवंत आणि 'फाकेरे' म्हणजे करणे. त्यांपासून 'व्हिव्हिफिकारे' हे रूप तयार झाले आणि फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले. 'व्हिव्हिड', 'रिव्हाइव्ह', 'सर्व्हाइव्ह' हे शब्द त्याच कुळातले असून संस्कृत 'जीव' आणि लॅटिन 'व्हिव्हुस' यांचे मूळही भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. ख्रिस्ती धर्मातील इ.स. 381 च्या श्रद्धासूत्राच्या लॅटिन पाठात पवित्र आत्म्याला याच क्रियापदापासून बनलेले, 'जीवन देणारा' या अर्थाचे विशेषण लावलेले आहे. धार्मिक लेखनातील हे गांभीर्य या शब्दाला आजही सोडून गेलेले नाही, आणि माझ्या मते 'एन्लिव्हन'पासूनचा त्याचा खरा फरक येथेच आहे.

गप्पा रंगल्या, समारंभात उत्साह आला, असे म्हणायचे असेल तर 'एन्लिव्हन' हेच योग्य. तेथे 'व्हिव्हिफाय' कृत्रिम वाटते. बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणण्यासाठी 'रिव्हाइव्ह' आहेच. 'व्हिव्हिफाय'चे कर्म बहुधा आधी जड किंवा मृतवत असलेली गोष्ट असते आणि कर्ता बहुधा व्यक्ती नसून एखादी शक्ती, गुण किंवा तपशील असतो. 'द रेन्स व्हिव्हिफाइड द पार्च्ड लँड', म्हणजे पावसाने होरपळलेल्या जमिनीला जीवन दिले, हे वाक्य सहज वाटते. 'ओल्ड लेटर्स व्हिव्हिफाय हर अकाउंट ऑफ द वॉर' हे मला त्याहून अधिक नेमके वाटते, कारण युद्धाचा जो वृत्तान्त केवळ तारखांची जंत्री ठरला असता, त्यातील माणसे जुन्या पत्रांमुळे बोलू लागतात, आणि हा बदल सांगण्यास 'इम्प्रूव्ह' किंवा 'एन्लिव्हन' दोन्ही अपुरे पडतात.

हे क्रियापद सकर्मकच वापरावे; 'चैतन्य येणे' अशा अकर्मक अर्थाने ते आता सहसा आढळत नाही. दैनंदिन पत्रव्यवहारात किंवा कार्यालयीन अहवालात मी ते टाळतो. ललित लेखनात आणि समीक्षेत मात्र जपून, एखाद्याच ठिकाणी योजावे. त्याचे नाम 'व्हिव्हिफिकेशन' असे होते, तर गेलेले चैतन्य पुन्हा आणण्यासाठी 'रिव्हिव्हिफाय' हे रूप वापरतात.