सरासरी पगारावर घर तारण ठेवू नका

"ताई, मुलगी बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला डिझाईनच करायचंय. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात नंबर लागलाय. वर्षाची फी साडेतीन लाख, कोर्स चार वर्षांचा. मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत पॅटर्नमेकर आहेत, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करतात. बँक घराचे कागद मागते. मिस्टर म्हणतात ठेवूया, कॉलेजच्या पत्रकात सरासरी पॅकेज आठ लाख लिहिलंय, दोन-तीन वर्षांत फिटेल. सासूबाई म्हणतात, पोरीसाठी एवढं कर्ज कशाला? लेकीला आम्ही आकडा सांगितलेला नाही, तिचा हिरमोड नको म्हणून. काय करू? – एक आई, शुक्रवार पेठ, कोल्हापूर"

वहिनी,

सासूबाईंचा प्रश्न आधी निकालात काढते. मुलगा असता तर एवढं कर्ज काढलं असतं का? उत्तर 'हो' असेल, तर 'पोरीसाठी' हा शब्द या चर्चेतून काढून टाका. कर्ज जास्त आहे की नाही, हे फेडणाऱ्याच्या पगारावरून ठरवायचं.

तर तो हिशेब करू. फी चार वर्षांची १४ लाख. पुण्यातलं राहणं-जेवण, लॅपटॉप, मॉडेलचं सामान यात नाही. व्याज ११ टक्के धरा. शिकत असताना आणि नंतरच्या सवलतीच्या वर्षात हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. दरवर्षी साडेतीन लाख उचलले, तर पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज १९ लाखांच्या वर गेलेलं असेल. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला २६,७०० च्या आसपास. म्हणजे एकूण ३२ लाख. मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता २२ हजारांवर येतो, पण एकूण भरणा ४० लाखांच्या जवळ जातो.

आता तो आठ लाखांचा आकडा. पाच मुली पास झाल्या. चौघींना साडेतीन-साडेतीन लाखांची नोकरी, एकीला परदेशी कंपनीत २६ लाखांची. सरासरी बरोबर आठ लाख येते, आणि पाचातल्या एकीलाही आठ लाख मिळत नाहीत! तुमची लेक त्या चौघींत असेल असं धरूनच कर्जाचा विचार करायचा. साडेतीन लाख म्हणजे महिन्याला २९ हजार, तेही पीएफ कापायच्या आधी. त्यातून २६,७०० चा हप्ता गेल्यावर पुण्यात ती खाणार काय? मिस्टरांना हे चटकन कळेल. ओतलेला धातू थंड होताना आकसतो म्हणून ते पॅटर्न मापापेक्षा मोठा करतात ना? पॅकेजही हातात येईपर्यंत असंच आकसतं, आणि पत्रकात छापलेलं माप पॅटर्नचं असतं.

कॉलेजला लेखी विचारा: मागच्या बॅचला किती मुलं होती, किती जणांना कॅम्पसमधून नोकरी लागली, आणि पगार चढत्या क्रमाने लावले तर मधल्या मुलाला किती? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा. दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या तीन-चार मुलांशीही बोला, पत्रकावर फोटो नसलेल्या.

माझं मत स्पष्ट सांगते. या फीला, या कागदांवर, घर तारण ठेवू नका. डिझाईन सोडा असं मात्र मी मुळीच म्हणत नाही.

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. अट अशी की घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. खासगी आणि अभिमत विद्यापीठं यातून वगळली आहेत, म्हणजे तुम्ही निवडलेल्या ठिकाणी ही माफी नाही. तेव्हा तिच्या आवडीचा कोर्स कॅपमध्ये कुठं मिळतो ते आधी बघा. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीन दोन्ही लागत नाहीत, पण यादीतल्या संस्थांनाच. हे विद्यापीठ त्या यादीत आहे का, ते विचारा.

एरवीही साडेसात लाखांच्या आतल्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा घर मागत नाहीत. तीच तुमची लक्ष्मणरेषा धरा. हप्ता सुरू होताना पाच लाख देणं असेल तर दहा वर्षांना ६,९०० चा हप्ता बसतो. साध्या नोकरीतही तो निघतो.

आणि एक वर्ष थांबणं म्हणजे वाया जाणं नव्हे. डिझाईनच्या पदवी प्रवेशासाठीची आयआयटी मुंबईची यूसीड परीक्षा लागोपाठ दोन वर्षं देता येते. या क्षेत्रात पदवीइतकाच पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतः केलेल्या कामांचा संग्रह बघतात, आणि तो करायला कोल्हापूरसारखं गाव नाही. कलानिकेतन आणि दळवीज या आपल्या कलाशाळांमधून हात तयार झालेली कितीतरी मुलं आपण पाहतो. हुपरीचे चांदी कारागीर आहेत. सुभाषनगरात चपला करणारी घरं आहेत. त्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. आणि घरात बाप पॅटर्नमेकर! ड्रॉइंगवरून लाकडात वस्तू उभी करणं हे डिझाईनच आहे, वहिनी. तिला महिनाभर वडिलांबरोबर बसू दे.

आता मला सगळ्यात खुपलेली गोष्ट. तुम्ही तिला आकडा सांगितला नाही. हे कर्ज तिच्याच नावावर असणार आहे, तुम्ही सहकर्जदार. तेविसाव्या वर्षापासून पुढची दहा वर्षं, नोकरी बदलताना, लग्न ठरवताना, हा हप्ता तिच्या मानेवर असेल, आणि तिलाच त्याचा पत्ता नाही. हिरमोड आज झाला तर आठ दिवसांत ओसरेल. तेविसाव्या वर्षी कळलं, तर तुमच्यावर चिडायचीही तिला चोरी होईल, कारण तुम्ही घर पणाला लावलेलं असेल.

रविवारी मिस्टरांना सुट्टी असेल. वही घ्या, तिघं बसा, आणि वरचे आकडे तिलाच मांडू द्या. तोपर्यंत घराचे कागद कपाटातच राहू देत.

– तुमची ताई