पावसाने पकडलेली चूक

प्रश्न: वाळपईत काजूबिया विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे मी संगणकाचं काम बघतो. हिशेबाची चाळीसेक फंक्शन्स, म्हणजे साठवून ठेवलेले छोटे प्रोग्रॅम, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहेत. ती लिहिणारा मुलगा केव्हाच नोकरी सोडून गेला. फेब्रुवारीत मी 'दर' या कॉलमचं नाव 'किलोदर' केलं. काम सुरळीत चाललं. मे महिन्यात वळीव पडला, ओल्या बिया आल्या आणि पावतीच निघेना. 'दर' कॉलम सापडत नाही म्हणे! पोती घेऊन माणसं रांगेत, शेट माझ्या डोक्यावर. तीन महिने चूक दिसली कशी नाही?
– एक वाचक, वाळपई

उत्तर: दिसणार कशी? पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्याच भाषेतलं फंक्शन साठवताना पोस्टग्रेस फक्त व्याकरण तपासतो. आतला कॉलम खरंच आहे का, हे ती ओळ चालेल तेव्हाच कळतं. 'बी ओली असेल तर कपात' ही तुमची 'इफ'ची फांदी कोरड्या दिवसांत चाललीच नाही. व्ह्यूमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या क्वेरीत, नवं नाव आपोआप लागतं. फंक्शनच्या पोटात मात्र नुसता मजकूर असतो.

त्या मजकुरात शोध घेता येतो, पण कॉलमचं नाव रोमन अक्षरांत असेल तर 'दर' (dar) शोधताना प्रत्येक 'खरेदीदार' (kharedidar) हाती लागेल. मी म्हापशात एका दुकानासाठी हा उद्योग केलाय, दुपार गेली.

त्यापेक्षा पावेल स्टेहुले यांचं 'पीएलपीजीएसक्यूएल_चेक' हे एक्स्टेन्शन, म्हणजे पोस्टग्रेसला जोडायची पुरवणी, बसवा. त्यातल्या 'पीएलपीजीएसक्यूएल_चेक_फंक्शन'ला फंक्शनचं नाव द्या. फंक्शन न चालवता ते सगळ्या फांद्या तपासतं, ओली बीसुद्धा. ट्रिगरचं, म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणारं, फंक्शन असेल तर सोबत टेबलाचंही नाव द्यावं लागतं, हे बरेच जण विसरतात. 'पीएलपीजीएसक्यूएल_शो_डिपेन्डन्सी_टीबी' हे त्याचंच भावंड, फंक्शन कुठली टेबलं आणि कुठली दुसरी फंक्शन्स वापरतं त्याची यादी देतं. ही यादी नाव बदलण्याआधी काढायची, शेट डोक्यावर बसल्यावर नव्हे.

दोन ठिकाणी ते फसतं. फंक्शनने स्वतःच तात्पुरतं टेबल बनवलं असेल, तर 'टेबल नाही' अशी खोटी ओरड होते. आणि 'एक्झिक्यूट' या आज्ञेला दिलेली एसक्यूएल क्वेरी चालताना तुकडे जोडून तयार होत असेल, तर तिथे त्याचा भरवसा धरू नका. तुमच्या चाळिसांत 'एक्झिक्यूट' कुठे कुठे आहे ते आधी शोधा आणि तेवढी फंक्शन्स हाताने वाचून काढा.