आई जिनिंगमध्ये हंगामी कामाला आहे. पीएफ काढून घ्यावा की पेन्शनसाठी ठेवावा?

काढू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आज संध्याकाळीच आईला सांगा, की ठेकेदाराच्या माणसानं पुढे केलेल्या कोणत्याही फॉर्मवर सही किंवा अंगठा द्यायचा नाही.

तुम्ही लिहिलंय की आईचं वय ५६ आहे, जिनिंगमध्ये ११ हंगाम झाले, दर पगाराला पीएफ कापला जातो, आणि यंदा ठेकेदार म्हणतो, "हंगामी बाईले पेन्शन बसत नाही, सारे पैसे काढून घ्या, पेरणीच्या कामी येतील." मी यवतमाळ-वर्ध्याच्या पट्ट्यात दोन जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यांत, मिळून २७ वर्षं हिशेब लिहिला. हजेरीपट, पगारपत्रक, पीएफचं चलान, सगळं माझ्या हातून गेलं. हे वाक्य मी शेकडो बायांना सांगितलेलं ऐकलंय, आणि ते खोटं आहे.

पीएफची पेन्शन म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना, १९९५. ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि वयाची ५८ वर्षं पूर्ण व्हावी लागतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. दिवाळीच्या आसपास जीन सुरू होतं आणि होळीनंतर महिना-दीड महिन्यात थंडावतं. म्हणजे वर्षाचे पाच-सहा महिने. लोक सरळ गुणाकार करतात: ११ हंगाम गुणिले सहा महिने, ६६ महिने, साडेपाच वर्षं, संपलं. पण याच योजनेच्या नवव्या परिच्छेदात हंगामी कामगारांसाठी स्वतंत्र स्पष्टीकरण आहे. हंगामी कामगाराची वर्षातली प्रत्यक्ष सेवा वर्षापेक्षा कमी भरली, तरी ते पूर्ण वर्ष धरायचं. तुमच्या आईचे ११ हंगाम म्हणजे पात्रतेसाठी ११ वर्षं. दहाची अट त्यांनी गेल्याच्या गेल्या हंगामात पार केली.

अडचण येते ती संगणकावर. तिथे महिने दिसतात, हंगाम दिसत नाही. म्हणून दावा करताना कारखान्याच्या लेटरहेडवर पत्र घ्या: हा कारखाना हंगामी आहे, अमुक वर्षी अमुक तारखेला हंगाम सुरू झाला, अमुकला संपला, आणि या कामगार त्या-त्या हंगामात कामावर होत्या. अकराही हंगामांच्या तारखा त्यात हव्यात. कारखाना बंद पडण्याआधी, मालक बदलण्याआधी हे पत्र हातात असू द्या. नंतर जुने हजेरीपट कोणाच्या कोठ्यात गेले हे कोणी सांगत नाही.

आता मला एक कबूल करायचंय, कारण त्याशिवाय हे उत्तर लिहिण्याचा मला हक्क नाही. मी पहिल्या जिनिंगमध्ये होतो तेव्हा दर मे-जूनला बाया दारात यायच्या. कापसातली कवडी-पाला वेचणाऱ्या, गंजीवरून रेच्यापर्यंत, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रापर्यंत, कापूस वाहणाऱ्या. मृग तोंडावर, बियाण्याला पैसे नाहीत. "दिवाणजी, तेवढे फंडाचे काढून द्या." मी पीएफचा १९ नंबरचा फॉर्म भरायचो, सोबत पेन्शनचा १०-सी भरायचो, पीएफ आणि पेन्शन दोन्ही काढून द्यायचो. मला वाटायचं मी मदत करतोय. पुढच्या हंगामात त्याच बाईचा नवा नंबर निघायचा, सेवा पुन्हा शून्यापासून. त्यातली एक बाई ५८ ला माझ्याकडे आली, १८ हंगाम केलेली. तिच्या नावावर शेवटचे तीनच हंगाम शिल्लक होते, कारण आधीचे पंधरा मीच माझ्या हातानं मोडून दिले होते. तिला मिळाले ते थोडे एकरकमी पैसे. त्या दिवसापासून मी १०-सीवर पेन्शनचे पैसे काढायला कोणालाही बसवलं नाही.

पैशांची नड खरी असेल तर तिला वाट आहे. पीएफ वेगळा आणि पेन्शन वेगळी, हे आधी समजून घ्या. समजा पीएफसाठी धरलेला पगार महिना १२,००० आहे. कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,४४० कापले जातात आणि सगळे तिच्या पीएफ खात्यात जातात. मालकाचेही १,४४०, पण त्यातून पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे १,०००, पेन्शन फंडात जातात आणि उरलेले ४४० पीएफमध्ये. पीएफच्या खात्यावर व्याज मिळतं. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. आजारपण, लग्न, घर अशा कारणांसाठी ३१ नंबरच्या फॉर्मवर पीएफमधून उचल मिळते आणि पेन्शनच्या सेवेला धक्का लागत नाही. काम कायमचं सोडून पीएफ पूर्ण काढला तरी पेन्शन राखता येते. १०-सी फॉर्ममध्येच दोन पर्याय असतात: पैसे परत घ्या, किंवा स्कीम सर्टिफिकेट घ्या. दुसरा निवडायचा. सर्टिफिकेटमध्ये झालेली सेवा लिहिलेली असते आणि पुढच्या नोकरीत ती जोडली जाते. ठेकेदाराचा माणूस फॉर्म भरतो तेव्हा खूण पहिल्यावरच असते, म्हणून मी सही करू नका म्हणालो.

पेन्शन किती? सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. सरासरी शेवटच्या ६० महिन्यांची, आणि पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. १२,००० पगारावर १५ वर्षं कायम काम केलेल्याला २,५७१ रुपये बसतात. हंगामी कामगाराचा आकडा याहून लहान येतो. ५८ पूर्ण करून घेतलेली पेन्शन १,००० च्या खाली जात नाही, सप्टेंबर २०१४ पासून तेवढी किमान ठरवलेली आहे. हजार रुपयांत आज काय येतं, हे मला ठाऊक आहे. आपल्या बुलढाण्यात पेन्शनधारकांनी डिसेंबर २०१८ पासून किमान ७,५०० साठी साखळी उपोषण धरलं ते उगाच नाही. तरीही ते हजार दर महिन्याला, मरेपर्यंत येतात, आणि आईच्या पश्चात वडील असतील तर त्यांना पेन्शन लागते. पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितके ४-४ टक्के कायमचे कमी. आज ५६ ला घेतली तर ८ टक्के गेले. हातपाय चालत असतील तर दोन हंगाम थांबा.

आता तपासणी. आईच्या पीएफशी जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या, शेवटची जमा रक्कम मेसेजनं येते. पण तेवढ्यावर थांबू नका. उमंग ॲपवरून पासबुक काढा आणि हंगामाचा प्रत्येक महिना मोजा. मालकानं मागच्या महिन्याचे पैसे पुढच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. कापले आणि भरले नाहीत, तर तो कामगाराच्या पैशाचा अपहार ठरतो, फौजदारी गुन्हा. "ठेकेदाराला विचारा" हे उत्तर मालकाकडून ऐकून परत येऊ नका. ठेकेदारानं भरलं नाही तर मूळ कारखानदारानं भरायचं, कायद्यात तसं स्पष्ट आहे.

पगाराची चिठ्ठी पाहा, की पीएफच्या नावानं १२ टक्के कापतात की २४. माझ्या दुसऱ्या जिनिंगमध्ये ठेकेदार मालकाचा हिस्साही बायांच्याच मजुरीतून कापायचा आणि सांगायचा, "दोन्हीकडून लागते." मालकाचा हिस्सा मजुरीतून कापता येत नाही, कामगारानं लिहून दिलं तरी नाही. मी बोललो तेव्हा मला सांगण्यात आलं की हिशेब लिहिणाऱ्यानं हिशेबच लिहावा. दुसरी चाल म्हणजे मूळ पगार छोटा दाखवून बाकी 'इतर भत्ता' म्हणून लिहायचा, म्हणजे पीएफ कमी भरावा लागतो. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता मूळ पगारातच धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलंय.

सगळ्यात जास्त दावे अडतात ते नावावर. आधारवर शांताबाई, हजेरीपटावर शांता, बँकेत माहेरचं आडनाव. त्यात ठेकेदार बदलला की नवा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, काढलेला. दोन यूएएन असतील तर जुन्या खात्यातली सेवा नव्यात ट्रान्सफर करून घ्या, नाहीतर ११ चे पाच आणि सहा असे दोन तुकडे होतील आणि दोन्ही दहाच्या आत. हे काम पेन्शनचा फॉर्म भरण्याआधीचं आहे, त्याला महिने जातात. नॉमिनीही आत्ताच भरून घ्या.

तुम्ही दवाखान्याच्या कार्डाबद्दलही विचारलंय. कापूस जिनिंगचे हंगामी कारखाने ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, येत नाहीत, म्हणून आईला ते कार्ड नाही. इथे मालक खोटं बोलत नाही. मात्र रेच्यात हात गेला, कापसाची गाठ अंगावर पडली, तर १९२३ पासून चालत आलेल्या भरपाईच्या तरतुदीनं मालकालाच पैसे द्यावे लागतात. वर्षात ३० दिवस काम भरलं तर बोनसचा हक्क आहे. आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सोडताना मालकानं द्यायचे पैसे! ही तर कोणी सांगतच नाही. कायम कामगाराला वर्षाला १५ दिवसांची मजुरी, हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामाचे सात दिवस. नवी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली, तिच्यातही हे सात दिवस कायम आहेत. अट अशी की पाच वर्षं झालेली असावीत आणि कारखाना जितके दिवस चालला त्याच्या ७५ टक्के दिवस काम भरलेलं असावं. आईची मजुरी दिवसाला ४५० धरली तर ११ हंगामांचे ३४,६५० होतात. काम सोडताना लेखी अर्ज द्यायचा. मालकानं टाळलं तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे जायचं.

पीएफचं ऑफिस नागपूरला आणि अकोल्याला आहे, आणि खेड्यातून तिकडे जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून पीएफ ऑफिसचं 'निधी आपके निकट' हे शिबिर धरा. दर महिन्याच्या २७ तारखेला, सुट्टी असली तर पुढच्या दिवशी, प्रत्येक जिल्ह्यात होतं. जागा आधी फोन करून विचारा. आईचं आधार, बँकेचं पासबुक, पीएफचं पासबुक, कारखान्याचं पत्र आणि असतील तेवढ्या जुन्या पगारचिठ्ठ्या घेऊन जा. आईला सोबत न्या. बोटाचा ठसा लागला तर दुसरी फेरी वाचेल. आणि तिथल्या बाबूनं ६६ महिने मोजायला घेतले, तर त्याच्यासमोर शांतपणे नववा परिच्छेद काढा.